विरळ वस्तीचा किनारा

चक्रीवादळ किनाऱ्याजवळ येऊ लागले की बातम्यांत एक वाक्य हमखास येते: वादळ जिथे धडकणार आहे, तो भाग विरळ वस्तीचा आहे. ते ऐकून आपला जीव भांड्यात पडतो. मोठे शहर वाटेतून सुटले, लाखो माणसे वाचली. आता जे व्हायचे ते झाडांचे, वाळूचे आणि चार-दोन गावांचे होईल. असे वाटण्यात वाईट काही नाही. दहा लाखांच्या शहरावर वादळ जाण्यापेक्षा ते मोकळ्या किनाऱ्यावर जावे, असे कोणालाही वाटेल. मला बोलायचे आहे ते त्या वाक्यातल्या विरळपणाबद्दल. खाडी असावी, डोंगर असावा, तशी तिथली वस्तीही मुळातच विरळ असावी, असे आपण धरून चालतो. वादळ नवे आणि विरळपणा जुना, असा क्रम आपल्या मनात असतो. अनेक किनाऱ्यांवर हा क्रम उलटा आहे. आधी वादळे आली, मग वस्ती विरळ झाली, आणि ती विरळ झाली म्हणूनच पुढच्या वादळापुढे ती अधिक उघडी पडली. हे नीट दिसावे म्हणून एकच किनारा घेऊ.

अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात. राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, टेक्सासच्या सीमेला लागून आणि मेक्सिकोच्या आखाताकडे तोंड करून कॅमरन पॅरिश पसरलेली आहे. तिची नुसती जमीनच तीन हजार चौरस किलोमीटरहून जास्त भरते. २०२० च्या जनगणनेत तिथे ५,६१७ माणसे मोजली गेली. एका चौरस किलोमीटरला दोन माणसेही नाहीत. आपल्याकडे एवढी वस्ती एखाद्या मोठ्या गावात असते.

जमीन म्हटले खरे, पण त्या जमिनीचा बराचसा भाग दलदलीचा आहे. मिसिसिपी नदीने गेल्या सुमारे तीन हजार वर्षांत हा किनारा घडवला. नदीचे मुख पश्चिमेकडे सरके, तेव्हा गाळ वाहत येऊन किनारा पुढे जाई. मुख पूर्वेकडे वळले की गाळ थांबे आणि लाटा आहे तोच चिखल धुऊन त्यातली वाळू आणि शिंपले यांचा लांबलचक बांध रचून ठेवत. असे कित्येकदा झाले. त्यामुळे आज तिथे समुद्राला समांतर अरुंद उंचवट्यांच्या रांगा आहेत आणि दोन रांगांमध्ये गवताळ दलदल. या उंचवट्यांना तिथे शेनियर म्हणतात. त्यांची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर ते तीन मीटर. रस्ता, घर, शाळा, चर्च, कबरस्तान, जे काही उभे करायचे ते याच पट्टीवर. जुने डेरेदार ओकही तिथेच वाढतात, आणि वसंतात अख्खे आखात उडून ओलांडणारे थकलेले पक्षी पहिल्यांदा टेकतात तेही त्यांच्यावरच. बाकी सगळीकडे गुरे, बदके, मगरी आणि कोळंबी.

हा प्रदेश गरीब नव्हता. गुरे पाळावीत, कोळंबी आणि मासे धरावेत, हिवाळ्यात सापळे लावून कातडी मिळवावीत, यावर पिढ्यानपिढ्या संसार चालले. पुढे आखातातल्या तेलविहिरींचे काम आले. कॅमरन गावच्या धक्क्यावर उतरणाऱ्या मेनहेडन या तेलकट माशाचे वजन एवढे असे, की अमेरिकेतल्या मोठ्या मासेमारी बंदरांत त्याचे नाव घेतले जाई. माणसे थोडी, पण ती तिथे का राहतात हे कोणाला विचारावे लागत नव्हते.

२७ जून १९५७ रोजी सकाळी या किनाऱ्यावर ऑड्री नावाचे चक्रीवादळ आले. तेव्हा हवामानाचे उपग्रह नव्हते. तसा पहिला उपग्रह १९६० साली सुटला. आदल्या रात्री लोकांनी रेडिओवर जे ऐकले, त्यावरून सकाळी उठून निघायला वेळ आहे असे पुष्कळांना वाटले. रात्रीत वादळाचा जोर वाढला आणि चालही वाढली. उजाडता उजाडता पाणी अंगणात आले. किनाऱ्यावर ते साडेतीन मीटरहून अधिक चढले आणि सपाट दलदलीवरून चाळीस किलोमीटरपर्यंत आत घुसले. माणसे छपरांवर चढली, छपरे तरंगत गेली, त्यांच्यावर विषारी पाणसापही चढले. चारशेहून अधिक माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक याच पॅरिशमधली होती. तेव्हा पॅरिशची एकूण वस्ती सात हजारांच्या आत-बाहेर. ज्यांची ओळख पटली नाही त्यांना उत्तरेला लेक चार्ल्स शहरात एकत्र पुरले गेले. कॅमरन गावातली १९३७ साली बांधलेली काँक्रीटची कोर्टाची इमारत मात्र उभी राहिली; तिच्यात शिरलेले लोक वाचले. बायको आणि मुले गमावलेल्या एका माणसाने, हवामान खात्याने वेळेत सावध केले नाही, म्हणून सरकारवर दावा लावला. तो दावा तो हरला.

आता या निरूपणातला पहिला महत्त्वाचा आकडा. १९५० च्या जनगणनेत कॅमरन पॅरिशमध्ये ६,२४४ माणसे होती. ऑड्रीनंतर तीनच वर्षांनी, १९६० साली, तिथे ६,९०९ माणसे मोजली गेली. १९७० साली ८,१९४, १९८० साली ९,३३६, आणि २००० साली ९,९९१. ज्या वादळाने शेकडो माणसे नेली, त्याने किनारा ओसाड केला नाही. लोक परतले, वाढले, पन्नास वर्षांत जवळजवळ दहा हजार झाले. एवढे मोठे दुःख पचवून ते तिथेच राहिले, याचा अर्थ मृत्यूच्या भीतीने माणूस जागा सोडतोच असे नाही. आपल्या किनाऱ्यावरही हेच दिसेल. होडी बुडते, घरातला कर्ता जातो, आणि पुढच्या हंगामात त्याच घरातली होडी पुन्हा समुद्रावर जाते.

मग वस्ती ओसरली कशी? त्याचे उत्तर पुढच्या मोठ्या वादळात आहे. २४ सप्टेंबर २००५ रोजी रिटा हे वादळ टेक्सासच्या सीमेजवळ, जॉन्सन बायू या कॅमरनमधल्याच गावाच्या पश्चिमेला किनाऱ्यावर आले. ऑड्रीची आठवण घराघरांत होती. लोक गुरे हाकून, सामान भरून वेळेवर निघून गेले. माणसे वाचली, पण गावे वाचली नाहीत. हॉली बीच नावाचे समुद्रकाठचे गाव होते. साध्या लाकडी घरांची, उन्हाळ्यात येणाऱ्या सामान्य माणसांची ती हवा खाण्याची जागा. रिटानंतर तिथे विजेचे काही खांब आणि जमिनीतून वर आलेले नळ एवढेच राहिले. कबरस्तानांतल्या शवपेट्यासुद्धा पाण्याने उचलून दलदलीत नेऊन टाकल्या.

आणि पाच वर्षांनी जनगणना झाली तेव्हा पॅरिशमध्ये ६,८३९ माणसे उरली होती. दर तीन माणसांतले जवळजवळ एक गेले होते. ज्या वादळाने चारशे माणसे मारली त्याच्यानंतर वस्ती वाढली, आणि ज्यातून जवळजवळ सगळे जिवंत बाहेर पडले त्याच्यानंतर ती एक तृतीयांशाने घटली. सारा विषय मला या विरोधात सापडतो. वादळे दोन्ही भयंकर होती. फरक पडला तो परत येण्याच्या किमतीत.

१९५७ साली परत यायचे म्हणजे काय करायचे होते? वाहून आलेली लाकडे गोळा करायची, उरलेल्या ओकांच्या सावलीत, त्याच जुन्या पट्टीवर घर उभे करायचे, शेजारी हात लावणार. घर वडिलोपार्जित जागेवर, कर्ज नाही, त्यामुळे विमा नाही. २००५ साली हे चालणार नव्हते. पुराचे नवे नकाशे आले. त्यांनी सांगितले त्या उंचीवर घर बांधायचे, म्हणजे कित्येक ठिकाणी चार-पाच मीटर उंच खांबांवर. नियम चुकीचा नाही. खाली बांधलेले घर पुढच्या पाण्यात जाणारच आहे. पण खांबांवरचे घर बांधायला पैसा लागतो, पैशासाठी कर्ज लागते, कर्जाला विमा लागतो, आणि विम्याचा हप्ता त्याच नकाशाने ठरतो ज्यात हा सगळा किनारा लाल रंगात दाखवलेला आहे. ज्या कुटुंबाला घर ही कधी विकत घ्यावी लागणारी वस्तूच वाटली नव्हती, त्याला आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच जागेवर राहण्याचे परवडणारे गणित मांडावे लागले.

त्यात मदतीचे सूत्र. कॅट्रिना आणि रिटा या दोन्ही वादळांतल्या घरमालकांसाठी लुईझियानात रोड होम नावाची मोठी योजना आली. तिच्यात मूळ हिशेब असा होता की घराची वादळाआधीची किंमत आणि ते पुन्हा उभे करण्याचा खर्च, या दोन्हींत जे कमी असेल ते धरायचे. कागदावर हे रास्त वाटते. पण घराची किंमत कशावर ठरते? आसपास काय आहे त्यावर: दवाखाना, शाळा, दुकाने, नोकऱ्या, गिऱ्हाईक. विरळ वस्तीतल्या घराची बाजारात किंमत कमी असते. सिमेंट, लाकूड, सुतार आणि खांब यांची किंमत मात्र तिथे कमी नसते. सगळे लांबून आणायचे म्हणून उलट वाढतेच. म्हणजे जिथे माणसे थोडी, तिथे नुकसान भरून येण्याचे प्रमाणही थोडे. विरळपणा इथे मदतीच्या सूत्रात शिरून बसला. शिवाय घर कोणाच्या नावावर आहे याचा स्वच्छ कागद हवा. आजोबांच्या नावावर राहिलेली, मुला-नातवंडांत तोंडी वाटलेली घरे तिथे पुष्कळ. सातबाऱ्यावर पंधरा-सोळा नावे असलेल्या कोकणातल्या माणसाला ही अडचण समजावून सांगायला नको.

म्हणून लोक गेले. फार लांब गेले असे नाही. बरेच जण उत्तरेला तासाभराच्या वाटेवर, लेक चार्ल्सच्या आसपास राहिले. जमीन ठेवली, होडी ठेवली, सुट्टीच्या दिवशी येऊन जाऊ लागले. मुले लहान असलेली कुटुंबे आधी जातात, कारण शाळा थांबू शकत नाही. ती गेली की शाळेतला पट घटतो, पट घटला की दोन शाळांची एक होते, आणि मग उरलेल्या कुटुंबांना मुलांना लांब पाठवावे लागते. किराणा दुकान, पेट्रोल पंप, डॉक्टर यांचेही तेच. गाव ओस पडते ते एका रात्रीत नाही. वादळाची रात्र एक असते, गाव रिकामे होण्याची वर्षे अनेक असतात, आणि ती वर्षे कोणत्याही वादळाच्या नुकसानीच्या अहवालात येत नाहीत.

इथे दुसरी बाजू मांडायला हवी, कारण ती खरी आहे. अमेरिकेत किनाऱ्याचे बांध बांधण्याचे काम लष्कराच्या अभियंता दलाकडे असते. बांधावर होणारा खर्च आणि त्याने वाचणारी मालमत्ता यांची तुलना करून प्रकल्प मंजूर होतो. कॅट्रिनानंतर न्यू ऑर्लीन्सभोवती सुमारे १४.५ अब्ज डॉलर खर्चून बांध, भिंती आणि दरवाजे उभे राहिले. नैर्ऋत्य लुईझियानाचा अभ्यास झाला, तेव्हा तिथे मोठा बांध या गणितात बसला नाही. घरे ऐच्छिक तत्त्वावर उंच करणे आणि दलदलीचे पुनरुज्जीवन करणे एवढे सुचवले गेले. मी अभियंता असतो तर मलाही पाच-सहा हजार माणसांसाठी शंभर किलोमीटरची भिंत मागता आली नसती. दलदलीच्या आरपार भिंत घातली तर तिच्या मागची दलदलही मरते, आणि दलदल हाच तिथला पहिला बंधारा आहे. १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली, हा अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा हिशेब आहे. नदीला बांध घातल्याने गाळ येणे थांबले, तेलासाठी आणि जहाजांसाठी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरले, गवत मेले, आणि गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली माती सुटली. तेव्हा भिंत न बांधण्याचा निर्णय वेडगळ नाही. मला खटकते ते हे, की गणित ज्या दिवशी मांडले जाते त्या दिवशीची लोकसंख्या आणि मालमत्ता त्यात घेतली जाते. ती एवढी थोडी कशी झाली, याला त्या गणितात रकाना नाही. दहा हजारांची वस्ती सहा हजारांवर आली, म्हणून ती वाचवण्याचा फायदा कमी झाला. फायदा कमी झाला म्हणून ती वाचवायची नाही असे ठरले. म्हणून ती आणखी कमी होणार.

या सगळ्यानंतर लॉरा आली. २५ आणि २६ ऑगस्ट २०२० च्या दरम्यान आखाताच्या कढत पाण्यावर चोवीस तासांत तिच्या वाऱ्याचा वेग ताशी सुमारे १०० किलोमीटरने वाढला. या वेळी उपग्रह होते, विमाने होती, पाणी किती चढेल हे सांगणारी गणिती प्रारूपे होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २६ तारखेला सांगितले की या किनाऱ्यावर येणाऱ्या पाण्यातून कोणी जिवंत राहणार नाही, आणि ते पाणी कित्येक मैल आत शिरेल. शेजारच्या व्हर्मिलियन पॅरिशच्या शेरीफने, जे जायला तयार नसतील त्यांनी आपले नाव, पत्ता आणि जवळच्या नातेवाइकाची माहिती लिहून प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवावी, असे आवाहन केले. कॅमरनमधले जवळजवळ सगळे निघून गेले. सुमारे दीडशे जण मागे राहिल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. मध्यरात्र उलटल्यावर, २७ तारखेला एकच्या सुमारास, ताशी २४० किलोमीटर वाऱ्यानिशी लॉरा कॅमरन गावाजवळ किनाऱ्यावर चढली.

या किनाऱ्यावर पाणी इतके का चढते, हे थोडे थांबून समजून घेण्यासारखे आहे. समुद्र खोल असेल तर वाऱ्याने ढकललेले पाणी तळाशी वळून मागे जाऊ शकते. इथे समुद्रतळ कित्येक किलोमीटरपर्यंत उथळ आहे. पाण्याला मागे फिरायला जागाच नाही, म्हणून ते किनाऱ्यावर साचत जाते. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे या दक्षिणाभिमुख किनाऱ्यावर डोळ्याच्या पूर्वेला वारा समुद्राकडून जमिनीकडे, आणि पश्चिमेला जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. डोळा काही किलोमीटर इकडे की तिकडे, यावर कोणाच्या घरात पाणी शिरणार हे ठरते.

लॉराचा डोळा अपेक्षेपेक्षा थोडा पूर्वेकडून गेला. लेक चार्ल्स शहरात शिरेल असे वाटलेले पाणी शिरले नाही. ते चढले पूर्वेच्या क्रीओल आणि ग्रँड शेनियर या गावांवर, काही ठिकाणी जमिनीपासून पाच मीटरहून अधिक. लेक चार्ल्सची वाऱ्याने दैना झाली, हवामान खात्याच्या रडारचाही चुराडा झाला; पण दुसऱ्या दिवशी बातम्यांचा सूर असा होता की पाण्याचे भाकीत होते तेवढे वाईट घडले नाही. राज्यपाल जॉन बेल एडवर्ड्स यांनीही, ज्या सर्वनाशाची भीती होती तो झाला नाही, असे म्हटले. मनुष्यहानीच्या दृष्टीने ते बरोबर होते. राज्यात लाटेने जेवढी माणसे गेली त्याहून जास्त माणसे नंतर, वीज नसताना घरात लावलेल्या जनरेटरच्या विषारी धुराने गेली. पण भाकीत खोटे ठरले नव्हते. सांगितलेले पाणी आले होते. ते जिथे आले तिथे ते पाहायला आणि सांगायला माणसे नव्हती एवढेच. विरळ वस्तीचा हाही एक परिणाम: तिथले नुकसान साक्षीदारांवाचून होते, आणि म्हणून ते झाले नाही असे समजणे सोपे जाते.

पैशाच्या बाबतीतही तेच झाले. कॅट्रिनानंतर अमेरिकी काँग्रेसने काही दिवसांत पहिली १०.५ अब्ज डॉलरची मदत मंजूर केली होती. लॉराच्या दीर्घकालीन पुनर्बांधणीसाठीचा पैसा मंजूर व्हायला २०२१ चा सप्टेंबर संपावा लागला. दरम्यान त्याच किनाऱ्यावर सहाच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबर २०२० रोजी, डेल्टा नावाचे दुसरे वादळ क्रीओलजवळ आले आणि ज्यांनी छपरांवर निळी ताडपत्री घातली होती त्यांची ताडपत्रीही उडाली.

या विरळ किनाऱ्यावर एक गोष्ट मात्र या वीस वर्षांत दाट होत गेली आहे. नैसर्गिक वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूपात जहाजात भरणारे मोठे कारखाने याच पॅरिशमध्ये उभे राहिले. सबीन पास इथला पहिला. २०१६ च्या फेब्रुवारीत तिथून पहिले जहाज निघाले. मग हॅकबेरीजवळचा, मग थेट कॅमरन गावासमोरचा. घरांसाठी न परवडलेली भिंत कारखान्याभोवती उभी राहू शकते, कारण तिच्या आत वाचवण्यासारखी मालमत्ता अब्जावधी डॉलरची आहे. वस्ती विरळ असणे ही कारखान्यासाठी सोय आहे: जागा मोकळी, धोक्याच्या परिघात माणसे कमी, विरोध कमी. त्यामुळे हा किनारा जगाच्या नकाशावरून पुसला जातो आहे असे म्हणता येत नाही. तिथून जगाला हवे ते जाते आहे. राहणाऱ्या माणसांचा हिशेब तेवढा वेगळ्या वहीत आहे.

त्या वायूचा आपल्याशी थेट संबंध आहे. 'गेल' या भारतीय सरकारी कंपनीने सबीन पासशी वर्षाला ३५ लाख टन वायूचा वीस वर्षांचा करार केला, आणि त्या करारातले पहिले जहाज ३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या टर्मिनलला, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाशी अंजनवेलला लागले. दोन वर्षांनी, ज्या उन्हाळ्यात लॉरा आली त्याच उन्हाळ्यात, ३ जूनच्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. दोनच दिवस आधीपर्यंत सगळ्यांचे डोळे मुंबईकडे लागले होते. संध्याकाळी मुंबई वाचली म्हणून लोकांनी एकमेकांना फोन केले. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मुरूड, मंडणगड, दापोली इथे फोनच लागत नव्हते.

कोकणातल्या या गावांची वस्ती वादळांनी विरळ केलेली नाही. ती गिरण्यांनी, गिरगाव-परळने आणि आता वसई-विरारने केली आहे. तरी पुढची गोष्ट कॅमरनसारखीच झाली. शासनाची मदत हेक्टरवर मोजली गेली. हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे, आणि श्रीवर्धनच्या माणसाची वाडी पाच-दहा गुंठ्यांची. त्या पाच-दहा गुंठ्यांत तो नारळ, त्याच्या खाली रोठा सुपारी, सुपारीवर मिरी, मधल्या जागेत जायफळ आणि केळ असे मजले चढवून वर्षाचे पोट भरत होता. सुपारीचे झाड धरायला सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे एका दुपारी त्याची सहा-सात वर्षे आडवी झाली. हेक्टरच्या मापाने त्याला काय मिळणार? झाडे मोजा, ही बागायतदारांची मागणी होती, आणि नारळ-सुपारीसाठी ती पुढे मान्यही झाली. मला हे फार मोलाचे वाटते. मोजण्याचे माप बदलता येते, आणि ते बदलले की ज्याचे नुकसान झाले तो माणूस दिसू लागतो.

कॅमरनसाठी कोणते माप असावे? भिंत नको म्हणून तिथे काहीच करता येत नाही असे नाही. घर उंच करण्याचा पूर्ण खर्च उचलता येतो. भरपाई घराच्या बाजारभावावर न देता बांधणीच्या खर्चावर देता येते. शाळेचा पट वादळानंतरची पाच वर्षे जुनाच धरता येतो, म्हणजे शाळा टिकते आणि कुटुंबांना परत यायला कारण उरते. ज्यांना कायमचे उत्तरेला जायचे आहे त्यांना गावासकट, शेजारासकट जाता येईल असे साहाय्य करता येते. काही किनारे सोडावे लागतील हे मलाही दिसते. समुद्र चढतो आहे आणि जमीन खचते आहे. पण गाव ठरवून हलणे आणि हप्ता न परवडल्याने एकेक घर निसटत जाणे, यांत फार अंतर आहे. पहिल्यात माणसे एकमेकांना धरून जातात. दुसऱ्यात ती वेगवेगळी जातात, आणि मागे राहिलेल्यांना विरळ वस्ती असे नाव पडते.

अमेरिकेची जनगणना १ एप्रिल २०२० या तारखेची आहे. म्हणजे ५,६१७ हा आकडा लॉरा आणि डेल्टा येण्याच्या आधीचा आहे. पुढची मोजणी २०३० साली होईल. तोवर आखातात पुन्हा एखादे वादळ या कोपऱ्याकडे वळेल, आणि बातमी देणाऱ्याकडे मिनिटभरच असेल. त्या मिनिटात दोन आकडे सहज मावतात. २००० साली इथे ९,९९१ माणसे राहत होती, २०२० साली ५,६१७. विरळ हे विशेषण वगळून एवढे सांगितले, तरी ऐकणारा विचारेल की मधल्या वीस वर्षांत ही माणसे गेली कुठे.